चित्रातला देह कोणाचा?

व्हिएन्ना शहराच्या पर्यटन मंडळाने २०२१ साली एक चमत्कारिक पाऊल उचलले. वर्गणी भरणाऱ्यांनाच आतील मजकूर दाखवणाऱ्या ‘ओन्लीफॅन्स’ या संकेतस्थळावर मंडळाने आपले खाते उघडले आणि शहरातील संग्रहालयांत असलेली नग्नचित्रे व नग्नशिल्पे तेथे मांडली. २०१६ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळाची ख्याती कलेसाठी नाही, देहाच्या उघड्या बाजारासाठी आहे. ज्या कलाकृतींपुढे रसिक आदराने उभे राहतात त्यांना अशा पेठेत आसरा शोधावा लागावा, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

मंडळाचा हेतू निषेधाचा होता आणि त्याला सबळ कारण होते. विलेनडॉर्फ येथे सापडलेली, सुमारे ३० हजार वर्षांपूर्वीची, अवघ्या ११ सेंटिमीटर उंचीची स्त्रीमूर्ती व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. तिचे छायाचित्र फेसबुकने अश्लील ठरवून काढून टाकले होते. २०१८ साली संग्रहालयाने जाहीर तक्रार केली, तेव्हा कोठे कंपनीने चूक कबूल केली. कोलोमन मोझर या चित्रकाराच्या प्रणयी युगुलाच्या चित्रावरही अशीच वेळ आली. नोबुयोशी अराकी या जपानी छायाचित्रकाराच्या कलाकृती दाखवल्याबद्दल अल्बर्टिना संग्रहालयाचे ‘टिकटॉक’वरील खातेच बंद करण्यात आले. उघडे अंग दिसले की चित्र काढावयाचे, एवढाच नियम यंत्राला शिकवला होता. यंत्राने तो इमानाने पाळला.

परंतु केवळ यंत्राला हसून भागणार नाही. मुंबईत १९५४ साली जहांगीर कलादालनातील प्रदर्शनात अकबर पदमसी यांनी प्रेमी युगुलांची चित्रे लावली, तेव्हा पोलिसांनी ती उतरवण्यास सांगितले. पदमसींनी नकार दिला, खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. त्यानंतर ७० वर्षांनी, २०२४ च्या ऑक्टोबरात, त्याच पदमसींच्या आणि फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या कलाकृतींसाठी मुंबई उच्च न्यायालयाला पुन्हा निर्णय द्यावा लागला. कस्टम खात्याने परदेशातून आलेल्या ७ कलाकृती अश्लील म्हणून जप्त केल्या होत्या. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसते, हे न्यायालयाने बजावले आणि जप्तीचा आदेश रद्द केला. वस्तुतः सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची वाग्दत्त वधू यांच्या छायाचित्रासंबंधीच्या खटल्यात १८६८ सालची इंग्रजी कसोटी बाजूला सारली होती. चित्र संपूर्णपणे, त्यातील आशयासह आणि आजच्या समाजाच्या दृष्टीने पाहावे, असे तेव्हाच ठरले होते. कायदा पुढे गेला, कचेरी मागे राहिली.

मग वर्गणीचे कुंपण घातलेली नग्नचित्रांची दालने हा या पेचावरचा चांगला तोडगा मानावा काय? त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे थोडेफार आहे. पाहणारा प्रौढ असतो आणि जाणूनबुजून आत जातो. नको असलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे चित्र येत नाही. जाहिरातदाराची मर्जी सांभाळावी लागत नाही. तथापि वर्गणी दर महिन्याला येते आणि तिच्या मोबदल्यात दर महिन्याला नवे काही द्यावे लागते. प्रकाश आणि छाया यांतून देहाचा आकार शोधणारे चित्र कारखान्याच्या मालासारखे ठरल्या वारी तयार होत नाही. मागणी भागवण्यासाठी चेहरे बदलत राहतात आणि चित्र तेच राहते. ‘कलात्मक’ हे विशेषण मग पाटीपुरते उरते.

याहून गंभीर प्रश्न निराळाच आहे. अश्लीलतेचा आजवरचा सारा वाद पाहणाऱ्याभोवती फिरत आला. त्याचे मन बिघडेल काय, त्याच्या भावना दुखावतील काय, एवढेच न्यायालयांनी व टीकाकारांनी विचारले. जिचे चित्र घेतले तिला मात्र क्वचितच कोणी विचारले. ज्या अराकींची छायाचित्रे २०२१ साली स्वातंत्र्याचा झेंडा म्हणून मिरवली गेली, त्यांच्यासाठी २००१ ते २०१६ या काळात मॉडेल म्हणून काम केलेल्या एका नर्तिकेने २०१८ साली आपली कहाणी जाहीरपणे लिहिली होती. कोणताही लेखी करार झाला नाही, अनेकदा मोबदला मिळाला नाही आणि छायाचित्रे कोठे व कशी वापरली जातील यावर आपला काहीच ताबा राहिला नाही, असे तिचे म्हणणे होते. यंत्राने चित्र काढले याचा गवगवा जगभर झाला. तिची तक्रार त्या गोंगाटात मागे पडली.

चित्रकला आणि छायाचित्रण यांतील फरक येथे ध्यानात घ्यावा लागतो. १८५७ साली स्थापन झालेल्या जे. जे. कला विद्यालयात विद्यार्थी जिवंत माणूस समोर बसवून शरीररचना शिकत आले. कागदावर उतरणारी आकृती बसलेल्या व्यक्तीची ओळख झाकू शकते. तरीही या व्यवसायात किती लपवाछपवी करावी लागते, हे रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या चित्रपटाने दाखवले. निवड समितीने पसंत करूनही २०१७ साली गोव्याच्या महोत्सवातून तो वगळला गेला, हे आणखी एक दुर्दैव. छायाचित्र तर चेहऱ्यासकट सर्व काही जसेच्या तसे ठेवते. एकदा ते संकेतस्थळावर गेले की त्याच्या प्रती कोठे पोचतील याचा हिशेब कोणालाच लागत नाही. वर्गात दिलेली संमती त्या वर्गापुरती असते. येथे दिलेली संमती जन्मभर पुरते, आणि पुढे शिक्षिकेची नोकरी धरणाऱ्या किंवा संसार थाटणाऱ्या स्त्रीला ती जन्मभर भोवूही शकते.

माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली झालेल्या दुरुस्तीने, संमतीवाचून कोणाच्या गुप्तांगांचे चित्र घेऊन त्याची खाजगी मर्यादा मोडणे हा गुन्हा ठरला. हे योग्यच झाले. पण संमतीवाचून घेतलेल्या वा पसरवलेल्या चित्रासाठी ते कलम आहे. गरजेपोटी वा विश्वासाने होकार दिला आणि पुढे तो होकार वाटेल तसा ताणला गेला, तर स्पष्ट कराराचा आधार मोलाचा ठरतो.

म्हणून अशा दालनाची पारख करताना अंगावर वस्त्र किती, हा प्रश्न शेवटचा असावा. मॉडेलचे वय तपासले काय, करार तिला समजेल अशा भाषेत झाला काय, वर्गणीच्या उत्पन्नात तिचा वाटा आहे काय, आणि उद्या तिचे मन पालटले तर चित्र मागे घेण्याची सोय आहे काय, हे प्रश्न आधी विचारावे लागतील. यांची उत्तरे होकारार्थी आली म्हणून चित्र सुंदर ठरत नाही. सौंदर्याचा निवाडा रसिकांनी करावयाचा आहे. मात्र ज्या दालनाच्या चालकाला ही उत्तरे देता येत नाहीत, त्याला कलेच्या नावाने वर्गणी मागण्याचा अधिकार नाही. पाहणाऱ्याच्या सोवळ्याची काळजी समाजाने पुष्कळ वाहिली. आता पाहिली जाते तिच्या हक्काची थोडी वाहावी.