प्रमाणपत्रांची फाइल नको, चालणारं काम दाखवा

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने १२ हजारांहून जास्त कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. तेव्हापासून पालक विचारतात, "सर, मुलाला कॉम्प्युटरला घालावं की नको?" जरूर घाला. पण नुसत्या पदवीच्या भरवशावर राहू नका. नोकरीचा रस्ता आता बऱ्याचदा इंटर्नशिपमधूनच जातो, आणि तिथेही गर्दी आहे.

या गर्दीत आपली मुलं काय करतात? ऑनलाइन कोर्सची दहा-पंधरा प्रमाणपत्रं जमवतात. कॉलेजचा प्रोजेक्ट मित्राकडून उतरवून घेतात, नाहीतर चॅटजीपीटीकडून लिहून घेतात. मुलाखतीत "ही ओळ का लिहिलीस?" असं विचारलं की गप्प! त्यापेक्षा स्वतः केलेलं एकच छोटं काम भारी पडतं. मोहल्ल्यातल्या किराणा दुकानाची उधारीची वही मोबाइलवर आणून द्या. दुकानदार ती रोज वापरू लागला, की त्याच्या तक्रारींतूनच खरं शिक्षण होतं. तो कोड गिटहबवर ठेवा आणि त्याची लिंक एका पानाच्या बायोडेटात सगळ्यात वर द्या.

आपल्या घरांत आणखी एक दौलत आहे, उर्दू आणि मराठी. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. मध्ये इंग्रजी शब्द किंवा आकडा आला की अनेक ॲपमध्ये ओळ विस्कटते. उर्दू वाचणाऱ्या मुलाला ही चूक लगेच दिसते. ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये अशी चूक कोणीही कळवू शकतो, दुरुस्तही करू शकतो. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस प्रकल्पात उर्दू आणि मराठी दोन्ही आहेत.

मुलीला पुण्या-बेंगळुरूला पाठवायला घरचे कचरत असतील, तर 'गुगल समर ऑफ कोड' पाहा. २००५ पासून सुरू असलेल्या या उपक्रमात १८ वर्षांवरील मुलं-मुली घरी बसून काम करतात, मानधनही मिळतं. अर्ज साधारण मार्चच्या उत्तरार्धात असतात. मात्र तयारी चार-पाच महिने आधीपासून हवी, कारण आधी थोडं काम करून दाखवणाऱ्याचा अर्ज वजनदार ठरतो.

आणि हो, "इंटर्नशिप देतो, पाच हजार भरा" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. ती इंटर्नशिप नव्हे, प्रमाणपत्राची विक्री आहे.

पालकांनो, आज रात्री जेवण झालं की मुलाला मार्क विचारू नका. म्हणा, "तू बनवलेलं काहीतरी मला चालवून दाखव."