कर्करोगांतून उठलेल्यांची पुढची तारीख

या मासिकांत बियाणें, खतें, जनावरांचीं दुखणीं यांविषयीं जाणकार मंडळी लिहीत असतात. महसूल खात्यांत चौतीस वर्षें कारकुनी करून निवृत्त झालेल्या मजसारख्यानें रोगाविषयीं लिहावयास बसावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. मी वैद्य नाहीं. परंतु मी जी गोष्ट सांगणार आहें ती औषधाची नसून नोंदवहीची आहे, आणि नोंदवही हाच माझा जन्माचा धंदा होता.

माझे थोरले बंधू पांच एकरांचे खातेदार. तंबाखूचा बार गालांत धरण्याची संवय तरुणपणापासूनची. गालाच्या आंत जखम झाली, ती भरेना. तपासणींत कर्करोग निघाला. शहरांतील एका मोठ्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया झाली, मागाहून सहा आठवडे किरणोपचार झाले. दादा घरीं आले त्या दिवशीं वेशींत माणसें जमलीं, घरांत सत्यनारायण झाला, आणि दादा बरे झाले असें आम्हीं सर्वांनीं ठरवून टाकलें. निघतांना डॉक्टरांनीं कागदावर लिहून दिलें होतें कीं, पहिलें वर्षभर दर दोन महिन्यांनीं दाखवावयास यावें. पहिल्या दोन तारखा पाळल्या. तिसरी तारीख मृगांत आली. वाफसा आला होता, तिफण थांबविणार कोण? चौथी पोळ्याच्या सुमारास निघून गेली, पांचवीच्या वेळीं सोयाबीनची मळणी होती. दादांस कांहीं दुखत नव्हतें, म्हणून कोणी आग्रहही धरला नाहीं. कानाखालीं मानेंत एक गांठ आली होती, ती त्यांनीं उपरण्याखालीं झांकून ठेविली. आम्ही रुग्णालयांत गेलों तेव्हां मागील तपासणीस आठ महिने लोटले होते. डॉक्टर एवढेंच म्हणाले, "ही गांठ लहान असतांना आणली असती, तर बहुधा काढतां आली असती." पुढचा पाडवा दादांनीं पाहिला नाहीं.

तारखांचा तो कागद माझ्याच पेटींत होता.

आमच्या कचेरींत कागदांचे सहा गठ्ठे करण्याची रीत आहे. निकालीं निघालेलें प्रकरण अभिलेख कक्षांत जावयाच्या गठ्ठ्यांत पडतें. ज्यावर पुढें कांहीं यावयाचें आहे तें प्रतीक्षाधीन गठ्ठ्यांत राहतें, आणि ठराविक मुदतीनें करावयाच्या कामांचा गठ्ठा निराळा असतो. कर्करोगांतून उठलेल्या माणसास आपण खेड्यांतील लोक पहिल्या गठ्ठ्यांत टाकून मोकळे होतों. वास्तविक त्याची जागा दुसऱ्या दोहोंत आहे.

याचें कारण असें कीं, तोंड व घसा यांचा कर्करोग उलटावयाचा झाल्यास बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. म्हणून तपासण्या आरंभीं जवळजवळ असतात व पुढें अंतर वाढत जातें. पांच वर्षांनंतरही वर्षांतून एकदां जावें लागतें. शिवाय उपचारांचेही मागाहून परिणाम होतात. किरणांनीं लाळ आटते, दांत किडतात, जबडा आंखडतो. असा किरण दिलेल्या जबड्यांतील दांत मूळ डॉक्टरांस न विचारतां उपटला, तर हाड सडण्याचा धोका असतो. मानेस किरण दिले असल्यास थायरॉईड ग्रंथि मंद पडूं शकते. माणूस थकतो, जड होतो, आणि घरांत आळशी म्हणून बोलणीं खातो. वस्तुतः एका रक्ततपासणीचें व रोजच्या एका गोळीचें तें काम असतें.

स्त्रियांची कथा याहून अवघड आहे. स्तनाच्या कर्करोगांत कित्येकींस पांच ते दहा वर्षें रोज गोळी घ्यावी लागते. बरें वाटतें म्हणून ती सोडणें म्हणजे पीक हिरवें दिसतें म्हणून शेवटचें पाणी तोडणें होय. बगलेंतील गांठी काढलेल्या बाईचा हात सुजण्याचा संभव असतो. निंदणींत किंवा कापूस वेंचतांना त्या हातास कांटा लागून लाली वा ताप आला, तर त्याच दिवशीं दवाखाना गांठला पाहिजे. गर्भाशयमुखाच्या रोगावर किरण घेतलेल्या बाईस कांहीं वर्षांनींही लघवीवाटे वा शौचावाटे रक्त जाऊं शकतें. ती लाजेनें बोलत नाहीं, आणि आपण विचारीत नाहीं.

कोणी म्हणतील कीं, बऱ्या झालेल्या माणसास रोगाची पुन्हा पुन्हा आठवण कशास द्यावी? त्यांस माझें उत्तर असें कीं, आठवण त्याच्या मनांत असतेच. तो एकटा तिच्याशीं झुंजत असतो. दुसरे म्हणतील कीं, हें काम खेड्यांत व्हावयाचें नाहीं. त्यांनीं बार्शीकडे पाहावें. भारतांतील ग्रामीण भागाची पहिली कर्करोग नोंदणी 1987 सालीं तेथें सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील 346 गांवें तिनें घेतलीं. रोगी आपण होऊन येतील अशी वाट न पाहतां तिचे कार्यकर्ते गांवोगांव गेले आणि गांवांतील जाणत्या मंडळींस हातीं धरून नोंदी केल्या. जें तीन तालुक्यांस साधलें तें एका गांवास कां साधूं नये?

आपल्या संस्थेनें पुढील गोष्टी कराव्या अशी माझी सूचना आहे. प्रत्येक गांवीं एक वही असावी. तींत रोग्याच्या संमतीनें त्याचें नांव, उपचाराचें ठिकाण, पुढील तारीख, सोबत जाणारा व परत आल्याची नोंद एवढेच रकाने असावेत. वही एकाच विश्वासू माणसाच्या हातीं असावी व तिची चर्चा पारावर होऊं नये. तारखेच्या आठ दिवस आधीं त्यानें घरीं जाऊन सांगावें, आणि आशाताईसही कळवावें. तारीख पेरणींत वा मळणींत आली, तर त्या शेताचें काम इर्जिकीनें उरकावें. शेजाऱ्याची विहीर खणावयास आपण जात आलों, मग याच्या तिफणीस कां जाऊं नये? वाटखर्चासाठीं बिनव्याजी उचल द्यावी. रेल्वेची सवलत उपचाराप्रमाणें फेरतपासणीसही मिळते, व ती सोबत्यासही आहे, एस.टी.चीही सवलत आहे. परंतु दाखला कोठून घ्यावा हें ठाऊक नसल्यामुळें कित्येक जण पूर्ण भाडें भरतात. तो कागद मिळवून देणें हें कोणाही लिहित्या माणसाचें काम आहे. आणि ज्या घरीं हा रोग येऊन गेला त्या घरांतील तंबाखू व मिश्री कायमची बाहेर जावी, हें वहीवाल्यानें न संकोचतां सांगावें.

यास फार पैसा लागत नाहीं. लागते ती चिकाटी; आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ता चुकला तर दारीं माणूस धाडण्याइतकी चिकाटी आपणांपाशीं आहे, हें सर्वांस ठाऊक आहे. येत्या वार्षिक सभेपुढें हा ठराव यावा. माझ्या गांवची वही मी घातली आहे. तींत आज चार नांवें आहेत. पांचवें मला वेळेवर लिहितां आलें नाहीं.