उल्हास नदीचा काठ आणि आपला सातबारा

ठाण्याच्या खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग सरकारने २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर केला, व २०२२ साली रामसर करारान्वये त्यास जागतिक महत्त्वाच्या पाणथळींत स्थान मिळाले. ही गोष्ट सर्वथैव अभिनंदनीय होय. परंतु बदलापूर-अंबरनाथकडील आम्हां खातेदारांस तीत विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. उल्हास नदी राजमाचीच्या दऱ्यांतून निघून कर्जत, नेरळ, बदलापूर यांवरून येते. पुढे ठाण्याच्या उत्तरेस तिचा मोठा प्रवाह वसईकडे जातो व लहान फाटा ठाण्याच्या खाडीस मिळतो. म्हणजे शेवटास कायद्याचे छत्र, आणि जेथून पाणी यावयाचे तेथे काहीच नाही. घरातील माठ झाकून ठेवावा व विहिरीत केर लोटावा, असा हा प्रकार आहे.

वालधुनीची दशा तर सर्वश्रुतच आहे. जिच्या काठी शके ९८२ मध्ये अंबरनाथचे शिवालय उभे राहिले, तीत २०१४ च्या नोव्हेंबरात कोणी रसायन ओतले व उल्हासनगरातील शेकडो लोकांस बाधा झाली. कारखानदारांस व शहरांस दोष द्यावा तितका थोडाच. पण सगळा दोष त्यांचाच म्हणणे आपणांस फार सोयीचे पडते.

आम्ही महसूल खात्यात कारकुनी केली. ओहोळ-नाल्याखालील जमीन दप्तरी 'पोटखराबा' म्हणून पडते व तिजवर आकार बसत नाही. जिला आकार नाही तिला मोल नाही, ही समजूत तेथूनच शेतकऱ्याच्या मनात रुजली असावी. मग काठचे करंज, उंबर, जांभूळ तुटतात व माती वीटभट्टीस जाते. वास्तविक याच खराब्यात खंड्या बीळ करतो व ढोकरीस आसरा मिळतो. भातावरील किडे खाणारा बेडूकही येथलाच. मृगाच्या पहिल्या पाण्यास अंडी भरलेले मासे ओहोळांतून खाचरांत चढतात. ही वलगण म्हणजे नदीचे बियाणेच होय. बियाण्याची कणगी मोकळी करून जेवणारा शेतकरी आम्ही पाहिला नाही. वलगण मात्र झाडून सारी धरली जाते. चढणीच्या माशाची गोडी आम्हांस ठाऊक नाही असे नव्हे.

कोणी म्हणेल, गुंठ्यास आज एवढा भाव असता काठचा पट्टा ओसाड कोणी सोडावा? त्यांस आमचे उत्तर असे की, निळ्या पूररेषेच्या आत बांधकामास परवानगी नाही. तेव्हा तो भाव त्या पट्ट्यास लागूच होत नाही. २०१९ च्या जुलैत बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस हजारावर उतारूंसह पुरात अडकली, ती जागा उल्हासेने पूर्वीच आपल्या नावे लावून ठेवली होती!

सबब आमची सूचना अशी. काठालगत निदान वीस हात पट्टा नांगराविना ठेवावा, त्यातील झाड व माती यांस हात लावू नये, आणि पावसाळ्याचे पहिले पंधरा दिवस वलगण धरू नये, असा ठराव काठच्या प्रत्येक ग्रामसभेने करावा. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे नदीपात्र सरकारचे आहे. ते कोणी खणीत वा नासवीत असेल तर गावकऱ्यांनी सर्व्हे नंबराच्या हद्दी दाखवून तहसील कचेरीत लेखी अर्ज द्यावा, व अर्जाची तारखेसह पोच हाती पडेपर्यंत तेथून उठू नये.