सुलतान शिकवायचे असतील तर आधी चौलला जा



सातवीच्या वर्गात 'शिवपूर्वकालीन भारत' हा पाठ चालू होता. खल्जी, तुघलक, बहमनी, निजामशाही अशी नावं आणि सन मी फळ्यावर लिहिले, मुलांनी ते उतरवून घेतले. मधल्या सुट्टीत एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, "सर शिकवतायत ते तुमचे लोक ना? बाहेरून आलेले?" दुसरा काही बोलला नाही. डबा बंद केला आणि उठून गेला. त्याच्या घरची चौलजवळ नारळ-सुपारीची वाडी आहे, पिढ्यान् पिढ्यांची.

मला राग आला तो माझ्याच फळ्याचा. राजाचं नाव, लढाईचा सन, इमारतीचं नाव, एवढंच लिहिल्यावर मुलांनी दुसरा कोणता अर्थ काढायचा? म्हणून मी आता हा पाठ दिल्लीपासून सुरू करत नाही, आपल्या बंदरापासून करतो. तुम्हीही करून बघा असं मला सुचवायचं आहे. सुलतानांचं राज्य खरंच कसं चालायचं, कसं वाढायचं आणि कुठे अडायचं, ते आपल्या अलिबाग-मुरुड किनाऱ्यावर जितकं स्पष्ट दिसतं तितकं पुस्तकातल्या नकाशावर दिसत नाही.

पहिली गोष्ट मुलांना सांगायची ती ही, की या किनाऱ्यावर मुसलमान आले ते सुलतानांच्या कितीतरी आधी आणि आले ते जहाजातून, व्यापाराला. अल्-मसूदी हा अरब प्रवासी इ.स. ९१६ मध्ये चौलला आला होता. तो चौलला 'सैमूर' म्हणतो. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहिलंय आणि त्यांचा प्रमुख तिथला राजा नेमत असे, असंही. तो राजा शिलाहार, म्हणजे हिंदू. अल्लाउद्दीन खल्जी देवगिरीवर चालून आला तो १२९६ मध्ये. मधे पावणेचारशे वर्षं आहेत! फळ्यावर मी ही पावणेचारशे वर्षं कधी लिहिलीच नव्हती.

आता राज्य कसं वाढायचं ते बघू. बहमनी राज्य १३४७ मध्ये उभं राहिलं, पण कोकण काही लगेच त्यांच्या हाती आलं नाही. पंधराव्या शतकाच्या मध्यास खलफ हसन बसरी हा बहमनी सरदार मोठी फौज घेऊन घाटाखाली उतरला. शिर्क्यांनी त्याला खेळण्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या, वाटेवर दाट रानात नेलं आणि तिथे फौजेची कत्तल झाली. पुढे महमूद गावानने हेच काम शांतपणे केलं. पावसाळ्यात मागे सरायचं, उघडीप झाली की पुन्हा यायचं, कुठे वेढा, कुठे पैसा. खेळणा घेतला, संगमेश्वर घेतलं आणि १४७२ मध्ये गोवा. त्याला सगळ्यात जास्त हवी होती ती बंदरं.

बंदरं कशाला? मुलांना हा प्रश्न जरूर विचारा. उत्तर आहे घोडा. दख्खनच्या हवेत चांगला लढाऊ घोडा निपजत नसे, तो अरबस्तान-इराणहून जहाजाने यायचा. ज्याच्याकडे बंदर आणि घाटाची वाट, त्याच्याकडे घोडदळ. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी असाच एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला. तिथून पाली आणि पालीहून पुढे घाट चढून जुन्नर. पाली म्हटल्यावर आपल्या वर्गात हात वर होतात, कारण कुणाचा तरी मामा तिथे असतोच! जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि मुसलमान झालास तर परत देतो म्हणाला. शेवटी एका खुरासानी माणसाने मध्यस्थी केली आणि घोडा सुटला. अंमलदाराची मनमानी आणि ती थोपवणारा दुसरा मुसलमान, दोन्ही एकाच प्रसंगात आहेत. मी दोन्ही सांगतो. त्यातलं एकच सांगायचा मोह होतो, हे मात्र कबूल करतो.

राज्य वाढलं की ते सांभाळायचं कसं, इथे खरी गंमत आहे. सुलतानाने आपला सरदार प्रांतावर बसवला की त्या प्रांताला 'तरफ' म्हणायचे. बहमनींच्या चार तरफा होत्या, गावानने त्यांच्या आठ केल्या. प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला, बाकीच्या किल्ल्यांवर थेट सुलतानाची माणसं नेमली. काही मुलूख खालसा करून त्याचा वसूल थेट सरकारात घेतला. सरदारांना हे कसं पचणार? त्यांनी गावानच्या शिक्क्याचं खोटं पत्र तयार केलं आणि १४८१ मध्ये सुलतानाने आपल्याच वजिराचं डोकं उडवलं. नऊ वर्षांत जुन्नरचा मलिक अहमद स्वतंत्र झाला. तीच निजामशाही, चौल तिच्याकडे गेलं.

या मलिक अहमदचा बाप मूळचा ब्राह्मण, घराणं पाथरीचं. पुढे त्याच घराण्यातल्या बुऱ्हाण निजामशहाने कंवरसेन नावाच्या ब्राह्मणाला पेशवा केलं. हो, पेशवा हा शब्द पुण्याच्या आधी नगरला होता. आणि त्याहून खाली गावात उतरलात तर देशमुख, देसाई, पाटील, कुलकर्णी जुनेच. वसूल तेच गोळा करायचे, हिशेब तेच लिहायचे. त्यांच्यावाचून कुठल्याही सुलतानाला एक खंडी भात मिळालं नसतं. सुलतान बदलला की ते नव्याकडे जाऊन आपल्या वतनाची सनद पुन्हा करून घ्यायचे. नागावचा चौदाव्या शतकातला मराठी शिलालेख हिजरी सनही देतो आणि शकही देतो. लिहिणाऱ्याला त्यात काही विचित्र वाटलं नसावं.

मुलांना घरचा सातबारा बघायला सांगा. मौजे, तालुका, तहसील, महसूल, इनाम, जमाबंदी, खालसा हे सगळे शब्द त्या कारभारातून आले. शिवाजी महाराजांनी रायगडावर राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो अशाच शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. कोश करावा लागला यावरूनच ते शब्द किती मुरले होते ते कळतं.

आणि हे राज्य अडायचं कुठे? भरतीच्या रेषेवर. चौलला १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगिजांना कोट बांधायची परवानगी दिली, कारण तेच घोड्यांचा व्यापार. पन्नास वर्षांनी त्याच कोटाला मुर्तझा निजामशहाने वेढा घातला. डिसेंबर १५७० पासून सात-आठ महिने तोफा, हत्ती, प्रचंड फौज. रेवदंडा काही पडलं नाही, कारण गोव्याहून समुद्रमार्गे रसद येतच राहिली आणि निजामशहाकडे तिला अडवेल असं आरमार नव्हतं. पुढे त्यांनी समोर कोर्लईच्या टेकडीवर किल्ला बांधायला घेतला, तोही १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी जिंकला. कोर्लईवर उभं राहून मुलांना रेवदंड्याचा कोट दाखवा. पाच मिनिटांत समजतं, पानभर लिहावं लागत नाही.

सहलीनंतर एका पालकांनी ग्रुपवर विचारलं, "सुलतानांचं एवढं कौतुक कशाला?" प्रश्न रास्त आहे, मी टाळला नाही. देवगिरीची लूट, युद्धात पकडून गुलाम केलेली माणसं, शेतकऱ्यावरचा वसुलीचा बोजा, हे मी वर्गात सांगतोच. निकितीननेही लिहून ठेवलंय की सरदार ऐषारामात आहेत आणि खेड्यातली माणसं फार गरीब. मलिक अंबर तर स्वतः हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याच माणसाने जमिनीची प्रत पाहून सारा ठरवला, मराठा बारगीर हाताशी धरले आणि मोगलांना मरेपर्यंत, म्हणजे १६२६ पर्यंत, दाद दिली नाही. त्याच्या फौजेत शहाजीराजे होते. हे कौतुक की निंदा? मला वाटतं, हा कारभार आहे. आणि कारभार शिकवला की 'तुमचे' आणि 'आमचे' असे दोन ढीग करायला मुलांना जमत नाही, कारण एकाच कचेरीत दोघंही बसलेले सापडतात.

नागोठण्याला अंबा नदीवर जुना दगडी पूल आहे. चौलच्या काझी अलाउद्दीनने तो १५८० च्या सुमारास बांधला असं सांगतात. आम्ही टेप घेऊन गेलो होतो. पूल इतका अरुंद, की समोरासमोर दोन बैलगाड्या आल्या तर एकीने मागे जायचं. मुलांनी लगेच वाद घातला, कुणी मागे जायचं? मधल्या सुट्टीतले ते दोघे टेपच्या दोन टोकांना होते. चौलवाला म्हणाला, "भरलेली गाडी जाईल पुढे, रिकामी मागे." दुसऱ्याने वहीत आकडा लिहिला आणि विचारलं, "पण मग जकात कुणाकडून घ्यायचे, सर?"

तुम्ही जाणार असाल तर पावसाळ्याआधी जा आणि टेप लांब घ्या, आमची पुरली नाही.