सहाशेचा आवळा

थंडी पडू लागली की आवळ्याचे फॉरवर्ड फिरू लागतात. शंभर ग्रॅममध्ये 600 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, संत्र्याच्या वीसपट, शिवाय केस, डोळे, साखर, कोलेस्टेरॉल या सगळ्यांवर एकच इलाज. रसाच्या बाटल्या आणि कँडीची पाकिटंही याच आकड्यावर खपतात. 600 हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या भारतीय अन्नपदार्थांच्या जुन्या तक्त्यात तो आहे, आणि आहारशास्त्राच्या कित्येक विद्यार्थ्यांनी तोच पाठ करून परीक्षा दिल्या. पण तो तक्ता काढणाऱ्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेच 2017 मध्ये नवे तक्ते काढले आणि त्यात आवळा 250 च्या आसपास उतरला. फळाची जात, पक्वता, साठवण आणि मोजणीची पद्धत यांनी एवढा फरक पडू शकतो. त्याच तक्त्यात पेरू दोनशेच्या वर आहे आणि संत्रं चाळिशीत. म्हणजे वीसपटीची सहापट झाली.

झाली तर झाली. बी काढून 35 ग्रॅम गर भरेल असा एक आवळा घेतला, तरी 85-90 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळतं. आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाची रोजची गरज आहे 80, स्त्रीची 65. एका आवळ्यात दिवस भागतो! सहाशेची गरज विकणाऱ्याला आहे, खाणाऱ्याला नाही.

या फळाला जाहिरातीची गरज कधी नव्हतीच. 1939-40 साली तेव्हाच्या पंजाबात, हिसारच्या दुष्काळात, हिरवा भाजीपाला दिसेनासा झाला आणि हिरड्यांतून रक्त येणारा स्कर्व्ही पसरला, तेव्हा आवळा आणि त्याची पूड देऊन लोकांना बरं केलं गेलं. आयुर्वेदाने तर त्याला वय टिकवणाऱ्या द्रव्यांत पहिला मान दिला. चरकाच्या च्यवनप्राशात पाचशे आवळे सांगितले आहेत. आजच्या बरणीवरचं घटकांचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचलं, तर साखरेने आवळ्याला कुठे गाठलं ते कळेल.

कँडीचं तर विचारूच नये. आवळे उकळत्या पाण्यात वाफवायचे, पाकळ्या सुट्या करायच्या, त्या दोन-तीन दिवस साखरेच्या पाकात मुरवायच्या, मग निथळून वाळवायच्या. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारं. ते थोडं वाफवण्याच्या पाण्याबरोबर मोरीत जातं, थोडं पाकात उतरतं. आवळ्याचा आंबटपणा आणि तुरटपणा त्याचा नाश लांबवतात हे खरं, पण लांबवणं म्हणजे थांबवणं नव्हे. आणि पाकिटात उरते ती निम्म्याहून जास्त साखर. ती ‘आरोग्यदायी’ म्हणून मुलांच्या डब्यात जाते. घरचा मोरावळाही साखरेतलाच, पण तो निदान गोड पदार्थ म्हणून चमचाभर वाढला जातो. औषध म्हणून वाटीभर कुणी खात नाही. (मधुमेहावर आवळ्याचे काही छोटे अभ्यास आश्वासक आहेत. त्यांच्या भरवशावर गोळी बंद करून सकाळी रस पिणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.)

आवळ्याचा खरा उपयोग जिथे व्हायचा, तिथे मात्र तो पोचतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आपल्या ताटातलं लोह मुख्यतः धान्यं, कडधान्यं आणि पालेभाज्यांतलं, म्हणजे अंगी लागायला अवघड. जेवणाबरोबर क जीवनसत्त्व पोटात गेलं की हे लोह जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा घेतला की कमी. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि बाजूला मीठ लावलेल्या आवळ्याच्या चार फोडी, यात न परवडण्यासारखं काही नाही.

मग शाळेच्या पोषण आहारात आवळा का नसावा? आठवड्यातून एकदा अंडं किंवा केळं देण्याचा निर्णय राज्याने 2023 मध्ये घेतला होता. तसंच हंगामातले तीन महिने खिचडीबरोबर प्रत्येक मुलाला कच्च्या आवळ्याच्या दोन फोडी द्यायला फार मोठी तरतूद लागणार नाही. मुलं तोंड वाकडं करतील हा आक्षेप येईल. शाळेच्या फाटकाबाहेर मीठ-तिखट लावलेले आवळे, चिंचा, कैऱ्या कोण विकत घेतं, हे आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा मधल्या सुट्टीत पाहून यावं. कँडी मात्र देऊ नये. ठेकेदार ती सोयीची म्हणून पुढे करतीलच. आणि खरेदीचे आदेश दिवाळीआधी निघायला हवेत, नाहीतर फाईल मंजूर होऊन येईल तेव्हा बाजारात कैरी आलेली असेल.