रोपांना पाणी कोणी घालावे?

२०२१ साली अजनीच्या वनराईवर कुऱ्हाड येऊ घातली, तेव्हा तिच्या रक्षणार्थ नागपूरचे नागरिकच पुढे सरसावले. तोडलेल्या वृक्षाच्या वयाइतकी रोपे लावावीत, अशी दुरुस्ती त्याच वर्षी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाली. उत्तम! परंतु नागपूरच्या उन्हाळ्यात त्या रोपांना पाणी कोणी घालावयाचे? गडचिरोलीतील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे बांबूच्या विक्रीचा पैसाही रान राखणाऱ्या त्या ग्रामसभेच्याच हाती आला. खेड्याला जे साधले ते शहराला का साधू नये? महापालिकेने उद्यानांवरील खर्चाचा काही वाटा, चोख हिशेब घेऊन, वस्तीवस्तीच्या नागरिक मंडळांकडे सोपवावा, अशी आमची मागणी आहे. आणि तो मृगातील वृक्षारोपण-समारंभांपुरता नव्हे, तर वैशाख उजाडण्यापूर्वी द्यावा.