वृद्ध श्वानास आश्रय

मुंबईत १८३२ साली भटक्या कुत्र्यांच्या हत्येवरून दंगल उसळली आणि १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांनी पांजरापोळ स्थापिली. पांजरापोळ प्राण वाचविते. घर मात्र कोणीतरी द्यावे लागते. पिल्ले लगेच नेली जातात, आठ वर्षांचा थोराड कुत्रा मागेच राहतो.

वेळापुरातील ज्या बंधूंकडे वाडा व परसू आहे, त्यांनी असा जीव अवश्य आणावा. पण गोदामाच्या राखणीसाठी नव्हे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘बंध’ पहिला आहे. दिवसभर साखळीस जखडलेला राखणदार त्यातच मोडतो. म्हातारे सांधे गुळगुळीत फरशीवर घसरतात, तेथे जुनी सतरंजी अंथरावी. कांदा-लसूण त्याला अपायकारक, म्हणजे आपला चौका त्याच्या सोयीचाच! बेदाणे मात्र कटाक्षाने दूर ठेवावेत. निव्वळ शाकाहारावर त्याचे पोषण होईल का, हे पशुवैद्यांना आधीच विचारावे. आषाढीत माउलींची पालखी येथे मुक्कामी असते. त्या गर्दीत नवखा जीव बिथरेल, म्हणून पालखी पुढे गेल्यावरच त्याला आणावे.

मुदत थोड्या वर्षांची, औषधपाण्याचा खर्च चढता. हा हिशेब सर्व कुटुंबाने एकत्र बसून मांडावा. सासऱ्यांनी हौसेने आणावे आणि सुनेने निस्तरावे, असे होऊ नये.